पुराचा ऑनलाइन सराव घ्यायचा असेल, तर सगळ्यांना एका स्क्रीनवर बसवू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे परभणी जिल्ह्यात गोदावरीकाठच्या एका तालुक्यात आपत्ती व्यवस्थापनाचं काम पाहतात. मागच्या पावसाळ्याआधी त्यांच्याकडे व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सवर) टेबलटॉप सराव, म्हणजे बसल्या जागी घ्यायचा आपत्तीचा सराव, झाला. खूप माणसं जोडली गेली, प्रत्येक विभागाने पीपीटी दाखवली, सगळ्यांनी ‘यंत्रणा सज्ज आहे’ असं सांगितलं आणि हाती काहीच लागलं नाही. व्हर्च्युअल सरावातून खरंच काही निघतं का, निघत असेल तर तो कसा घ्यायचा, आणि त्याचं रेकॉर्डिंग ठेवावं का, असं त्यांनी विचारलं आहे.

निघतं, आणि भरपूर निघतं. पण तुम्ही वर्णन केलीत ती आढावा बैठक झाली. सरावात कोणी काही ‘सादर’ करत नाही. एक कल्पित घटना थोडी थोडी उलगडत जाते आणि प्रत्येकाला आपापल्या खुर्चीवरून निर्णय घ्यावा लागतो: आत्ता मी कोणाला फोन करणार, काय सांगणार, कोणता आदेश काढणार. बोट पाण्यात उतरवून पाहणं, दोर फेकणं, स्ट्रेचर उचलणं हे मॉक ड्रिलचं काम. टेबलटॉपमध्ये तपासायचे ते निर्णय आणि निरोप. निरोप कुठे अडकतो, कोण कोणाची वाट बघत बसतो, एकाच कामाला दोघे धावतात आणि दुसऱ्या कामाला कोणीच नाही असं कुठे होतं, हे त्यातून दिसलं पाहिजे.

याच कारणासाठी मला आपल्या भागात ऑनलाइन सराव सभागृहातल्या सरावापेक्षा जास्त उपयोगाचा वाटतो. खऱ्या पुराच्या रात्री जिल्हाधिकारी परभणीत असतात, तहसीलदार गंगाखेडला किंवा पालमला, पाटबंधारेचे शाखा अभियंता बंधाऱ्यावर, तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) दुचाकीवर कुठल्या तरी ओढ्याच्या अलीकडे आणि पोलीस पाटील गावात. सभागृहात मात्र हे सगळे शेजारी शेजारी बसलेले असतात. तहसीलदार मान वळवून विचारतात, ‘पाणी किती सोडलं?’ आणि उत्तर लगेच मिळतं. त्या रात्री याच उत्तराला तास लागतो. म्हणजे ज्या उणिवेमुळे माणसं बुडतात, तीच उणीव सभागृहात झाकली जाते. ऑनलाइनमध्ये माणसं मुळातच दूर असतात. ते अंतर सरावात जसंच्या तसं ठेवा. सगळ्यांना एका स्क्रीनवर आणलंत, की तुम्ही पुन्हा सभागृहच बांधलंत.

मांडणी करताना झूम, मीट, जे हाताशी असेल त्यात वेगवेगळ्या खोल्या (ब्रेकआउट रूम) करा. जिल्हा नियंत्रण कक्ष ही एक खोली, पाटबंधारेचा पूरनियंत्रण कक्ष दुसरी, तालुका तिसरी, आरोग्य चौथी. पोलीस आणि महावितरण यांनाही स्वतंत्र खोल्या द्या. गावपातळीवरच्या लोकांना खोली नकोच. ते फोनवर राहतील, कारण त्या रात्रीही ते फोनवरच असणार आहेत. एका खोलीला दुसऱ्या खोलीत डोकावता येऊ नये. एकमेकांशी बोलायचं तर खरोखर फोन लावायचा किंवा सरावापुरत्या केलेल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहायचं. बोलणारी माणसं बारा-पंधराच ठेवा. बाकीच्यांना शेवटच्या चर्चेला बोलवा. साठ माणसं जोडलेली असली की पंचावन्न जण कॅमेरा बंद करून दुसरी फाइल उघडतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. त्यांना करायला कामच दिलेलं नसतं.

तुमच्या बाजूला किमान चौघे लागतील. एक सूत्रधार, जो घड्याळ आणि घटनाक्रम सांभाळेल. एक फक्त तांत्रिक बाजू बघणारा. सूत्रधाराने लिंक आणि माइक सांभाळत बसू नये. एक जण बाहेरच्या जगाच्या भूमिका करेल: सरपंच, पत्रकार, पुण्याहून आईची चौकशी करणारा मुलगा. आणि निदान एक नोंदकर्ता. मनुष्यबळ असेल तर प्रत्येक खोलीत एक नोंदकर्ता द्या.

आता मुख्य भाग, म्हणजे घटनाक्रम. इथे सगळ्यात जास्त वेळ घाला. ‘अतिवृष्टी झाली, पूर आला, आपण काय कराल?’ असल्या मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर येणार. घटना तुमच्या नदीची असली पाहिजे. परभणीकरांना ती शोधायला लांब जावं लागत नाही. वरून जायकवाडी धरणाचं पाणी येतं. माजलगाव धरणाचा विसर्ग सिंदफणेतून गोदावरीला मिळतो. येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांचं पाणी पूर्णेतून पूर्णा तालुक्यात येतं. गोदावरी तुडुंब असली की पूर्णेचं आणि ओढ्यांचं पाणी पुढे सरकत नाही, फुगवटा मागे येतो आणि नदीपासून लांबच्या वाटणाऱ्या वस्त्यांत शिरतो. या तिन्ही ठिकाणांहून एकाच रात्री विसर्ग वाढला तर? या प्रश्नाभोवती पूर्ण सराव उभा राहतो. मधले ढालेगाव, मुदगल, मुळी, डिग्रस हे बंधारे आणि तिथल्या दारांची स्थिती पाटबंधारेच्या माणसाकडून आधी समजून घ्या. कोणत्या विसर्गाला पाणी कुठून कुठे पोहोचायला किती तास लागतात, हेही त्यांच्याच नोंदींवरून घ्या. अंदाजाने लिहिलेला आकडा एखादा अनुभवी अभियंता पहिल्या पाच मिनिटांत खोडून काढतो आणि मग सरावावरचा सगळ्यांचा विश्वास उडतो.

सरावाचं घड्याळ रात्रीचं ठेवा, भले सराव सकाळी अकराला असो. एक नमुना देतो. तुमच्या तालुक्याप्रमाणे बदला.

रात्री पावणेदहा. जायकवाडीतून विसर्ग वाढवल्याचा संदेश फक्त पूरनियंत्रणाच्या खोलीत टाका. कोणाला काही सांगू नका. तालुक्याच्या खोलीत ही बातमी किती मिनिटांनी पोहोचते ते फक्त बघत राहा. तुमच्या अख्ख्या सरावातली ही सगळ्यात मोलाची नोंद असेल.

साडेदहा. माजलगावचाही विसर्ग वाढला. हा निरोप मुद्दाम अपुरा द्या: आकडा आहे, पण वेळ नाही. आत्ता सोडलं, की दोन तासांनी सोडणार? कोणी उलटा फोन करून विचारतो का, की तसाच पुढे ढकलतो?

इथे जरा थांबतो, कारण गावागावात हीच गोष्ट सगळ्यात जास्त चुकते. तहसीलमधून गावाला निरोप जातो: ‘इतके लाख क्युसेक विसर्ग सुरू, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे.’ क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण अठ्ठावीस लिटर पाणी. पण हे माहीत असूनही सरपंचाला त्या आकड्यातून काहीच कळत नाही. त्याला कळायला हवं ते वेगळंच: पाणी आपल्या गावात कुठवर येईल, कधी येईल आणि कोणती घरं आधी हलवायची. म्हणून गावाची भूमिका करणाऱ्या माणसाला सांगून ठेवा, की क्युसेकचा निरोप आला की त्याने एवढंच विचारायचं: ‘साहेब, पाणी मारुतीच्या पाराला लागेल का, आणि कधी?’ तालुक्याच्या खोलीकडे याचं उत्तर नसेल, तर सरावाची पहिली निष्पत्ती तिथेच मिळाली. प्रत्येक नदीकाठच्या गावासाठी जुन्या पुरांच्या खुणा शोधायच्या, जुन्या माणसांना विचारायचं, आणि अमुक विसर्गाला पाणी अमुक खुणेपर्यंत, असा एक पानी तक्ता करायचा. मराठवाड्यातल्या प्रत्येक नदीकाठच्या तहसीलमध्ये असा तक्ता भिंतीवर असावा, असं मला फार मनापासून वाटतं.

साडेबारा. पाणी चढतंय म्हणून महावितरणने काही फिडर (वीजवाहिन्या) बंद केले. सुरक्षेसाठी ते करावंच लागतं, पण मोबाइल टॉवर आता बॅटरीवर आहेत. सव्वादोनला सूत्रधाराने जाहीर करायचं: अमुक गावांचे फोन बंद. त्या गावांच्या भूमिका करणाऱ्यांनी कॉल कट करायचा. तालुक्याकडे आता काय उरलं? पोलिसांची बिनतारी यंत्रणा आहे, पण ती कोणत्या ठाण्यापर्यंत? तिथून गावात माणूस कसा जाणार? देवळाचा किंवा मशिदीचा भोंगा वीज नसताना कशावर चालणार? ही उत्तरं कागदावर नसतात, ती लोकांच्या डोक्यात असतात, आणि सरावात ती बाहेर येतात.

एकच्या सुमारास आरोग्याच्या खोलीत निरोप: नदीपलीकडच्या वस्तीत नऊ महिन्यांची गरोदर बाई, कळा सुरू, रस्ता पाण्याखाली, १०८ ची गाडी अलीकडेच थांबली आहे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखांची यादी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे असते. ती यादी संध्याकाळीच तहसीलदारांच्या यादीशी जुळवली असती, तर या बाईला दिवसाउजेडी हलवता आलं असतं. दोन विभागांच्या याद्या एकत्र येतात की नाही, हे या एका निरोपातून कळतं.

दीड वाजता आखाड्यांवरची, म्हणजे शेतातल्या वस्तीवरची माणसं. आपल्याकडे शेतातल्या आखाड्यावर सालगडी, त्याचं कुटुंब, जनावरं मुक्कामाला असतात. स्थलांतराच्या याद्या गावठाणातल्या घरांच्या असतात. आखाडे त्यांत नसतातच. आणि जनावरं सोडून माणूस हलत नाही. हा हट्ट नाही, त्याचं सगळं भांडवल दावणीला बांधलेलं असतं. बैलजोडी आणि दुभती म्हैस कुठे बांधायची, चारा कोण देणार, याचं उत्तर दिलंत तर माणूस आपणहून निघतो. म्हणून पशुसंवर्धन अधिकाऱ्यांना सरावाला बोलवाच. बहुतेक याद्यांत त्यांचं नाव नसतं.

तीनला अफवा. ‘धरण फुटलं’ असा ऑडिओ फिरतोय, एका गावातले लोक अंधारात पळत सुटलेत. खंडन कोण करणार, कोणाच्या आवाजात, किती मिनिटांत? जिल्ह्याचं प्रसिद्धिपत्रक सकाळी येऊन उपयोग नाही. गावाला ओळखीचा आवाज लागतो, मग तो तहसीलदारांचा असो की ठाणेदारांचा.

याच सुमारास तहसीलदारांना सरावातून बाहेर काढा. त्यांची गाडी ओढ्याच्या पलीकडे अडकली, फोन लागत नाही. आता नायब तहसीलदार निर्णय घेतात की थांबतात? आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ६५ खाली खाजगी बोट, ट्रॅक्टर, जेसीबी अधिग्रहित करता येतात, पण त्या आदेशावर सही कोणाची, रात्री तीनला ती कशी मिळणार, आणि तोवर मालकाला कोण विनंती करणार? पुलावरून पाणी वाहायला लागलं तर वाहतूक बंद करण्याचा निर्णय कोणाचा, आणि अंधारात, पावसात तिथे प्रत्यक्ष उभं कोण राहणार? पाण्याखालच्या पुलावर गाडी घालून दरवर्षी माणसं वाहून जातात. या एका प्रश्नावर पंधरा मिनिटं गेली तरी जाऊ द्या.

घटना एवढ्याच, सात-आठ. दोन तासांत याहून जास्त मावत नाहीत आणि स्क्रीनसमोर दोन तासांच्या पुढे कोणाचं डोकं चालत नाही. मध्ये दहा मिनिटांची सुट्टी घ्या.

वरिष्ठांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकारी पहिल्यांदा बोलले, की पुढचे सगळे त्यांच्याच वाक्याला दुजोरा देतात. म्हणून आधीच त्यांना भेटून विनंती करा: तुमच्या खोलीत जी माहिती पोहोचेल तेवढ्यावरच तुम्ही निर्णय घ्या, आणि शेवटच्या चर्चेत सर्वांत शेवटी बोला. नीट कारण सांगितलं की बहुतेक अधिकारी आनंदाने मान्य करतात, कारण खाली नेमकं काय होतं हे त्यांनाही जाणून घ्यायचं असतं. सुरुवातीलाच जाहीर करा, की आज कोणाला नोटीस निघणार नाही आणि कोणाचं मूल्यमापन होणार नाही. कोतवाल किंवा ग्रामसेवक ‘आमच्याकडची बोट चालत नाही’ हे मोकळेपणाने बोलू शकला, तरच दोन तासांचं चीज झालं.

सुरक्षेचा एक नियम कधीही मोडू नका. प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला ‘केवळ सराव’ असे शब्द हवेतच, फोनवर बोलतानासुद्धा. ग्रुप वेगळा करा आणि सराव संपला की तिथेच बंद करा. विसर्गाचा कल्पित आकडा खऱ्या ग्रुपवर गेला, तर अर्ध्या तासात तो नांदेडपर्यंत पोहोचतो आणि लोक घरं सोडतात. सराव चालू असताना खरंच काही घडलं, तर ‘प्रत्यक्ष’ हा एकच शब्द उच्चारायचा आणि सगळ्यांनी सराव थांबवायचा, हेही आधी ठरवा. हवामान खात्याचा खरा इशारा असेल त्या दिवशी सराव पुढे ढकला.

तांत्रिक बाजूचं फारसं काही नाही. आदल्या दिवशी प्रत्येकाची रेंज बसल्या जागेवरून तपासा. नकाशा आणि गावांची यादी आधी पाठवा आणि छापून हाताशी ठेवायला सांगा. स्क्रीनवर जड नकाशा उघडला की तालुक्यातली लाइन तुटते. इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं सिम जवळ असू द्या. आणि बोलणं आपल्या मराठीत होऊ द्या.

ऑनलाइनचा आणखी एक मोठा फायदा म्हणजे प्रत्येक निरोपावर वेळेचा शिक्का असतो. नोंदकर्त्याला तीनच वेळा लिहायला सांगा: माहिती कधी मिळाली, निर्णय कधी झाला, निरोप पुढे कधी गेला. सराव संपताच, कोणी उठण्याआधी, अर्धा तास चर्चा करा. खालच्या कर्मचाऱ्यापासून सुरुवात करा. मग घड्याळ समोर ठेवा: पावणेदहाला मिळालेला निरोप गावात कधी पोहोचला? यावर कोणी वाद घालत नाही, कारण फोनमध्येच सगळं दिसत असतं.

त्यातून कामं काढा, पण पाचच. प्रत्येकापुढे पदनाम आणि तारीख लिहा: आखाड्यांची यादी, ग्राम महसूल अधिकारी, अमुक तारीख. तीस शिफारशींचा अहवाल कोणी उघडत नाही. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखड्याचा दरवर्षी आढावा घेऊन तो अद्ययावत करणं कायद्यानेच सांगितलं आहे, तेव्हा ही पाच कामं झाली की ती थेट आराखड्यात चढवा. महिन्याभराने त्याच पाच गोष्टींचा अर्ध्या तासाचा छोटा सराव पुन्हा घ्या. तेवढ्याने फरक दिसतो.

वेळ कोणती, हे तुम्ही विचारलं नाही, पण सांगतो. एप्रिलमध्ये घेतलेल्या सरावानंतर बदल्या होतात आणि सराव केलेली निम्मी माणसं दुसऱ्या तालुक्यात जातात. एक सराव जूनच्या पहिल्या आठवड्यात, नवीन माणसं रुजू झाल्यावर घ्या आणि दुसरा जुलैअखेर. आपल्याकडचे मोठे पूर बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात येतात. २००६ च्या ऑगस्टमध्ये जायकवाडीच्या विसर्गाने पैठण पाण्यात गेलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये नांदेडच्या मुखेड तालुक्यात आणि सप्टेंबरात धाराशिवच्या सीनाकाठच्या परंडा-भूम भागात गावंच्या गावं वेढली गेली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची आपल्याला जवळची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरेला आहे. पथक आधीच तैनात नसेल, तर तिथून निघून पोहोचेपर्यंतचे सगळे तास स्थानिक माणसांचे आहेत, आणि सराव त्या तासांचाच घ्यायचा आहे.

लातूर, धाराशिव, हिंगोलीतल्या मित्रांसाठी एक वेगळी गोष्ट. भूकंपाचा सराव या पद्धतीने घेऊ नका. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास झाला, गणेश विसर्जनानंतरच्या रात्री, लोक गाढ झोपेत असताना. पुराला आधी इशारा असतो. भूकंपात पहिले काही तास ‘नेमकं कुठे, किती’ हेच कळत नाही. म्हणून तिथे सूत्रधाराने सुरुवातीला जवळजवळ काहीच सांगू नये. काही गावांकडून फोनवर फोन येऊ द्या आणि दोन-तीन गावांकडून अजिबात काही नाही. जिथून काहीच कळत नाही तिथे सगळ्यात जास्त नुकसान असू शकतं, हे जिल्हा कक्षाच्या लक्षात किती वेळाने येतं आणि तिथे माणूस कधी पाठवला जातो, एवढंच मोजा. हिंगोली जिल्ह्यात २०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये साडेचार तीव्रतेच्या आसपासचे धक्के बसले, परभणी-नांदेडपर्यंत जाणवले. तेव्हा हा सराव तुमच्याही तालुक्याला लागू आहे.

टेबलटॉपमधून बोटीचं इंजिन चालू होतं का, लाइफ जॅकेटचे पट्टे तुटलेत का, हे कधीच कळणार नाही. त्यासाठी घाटावरच जावं लागतं, आपदा मित्रांना (आपत्तीसाठी प्रशिक्षण घेतलेल्या स्वयंसेवकांना) सोबत घेऊन. पण आराखड्यातले फोन नंबर मात्र ऑनलाइन सरावात तपासता येतात. सराव चालू असताना परिशिष्टातले वीस नंबर खरोखर लावा. किती लागले, त्यांपैकी किती नंबर बरोबर माणसाकडे गेले, ते लिहा.

रेकॉर्डिंगबद्दल: चर्चेचं करू नका. लाल दिवा दिसला की माणूस खरं बोलत नाही. घटना चालू असतानाचं, खोल्यांमधलं रेकॉर्डिंग नोंदी जुळवण्यापुरतं ठेवा, सगळ्यांना आधी सांगून, आणि पाच कामांची यादी मंजूर झाली की पुसून टाका. व्हॉट्सअॅप ग्रुपचा मजकूर मात्र जपून ठेवा. जुलैच्या सरावात वेळा कमी झाल्या का, हे त्याच्याशीच ताडून बघायचं आहे.